कृपया बाटली रिकामी द्यावी

भर रस्त्यात माणसाने नाचू नये. मी नाचले. तेही वडिवळ्याच्या रस्त्यावर, सकाळी अकरा वाजता, दोन्ही बाजूंना भात फुलोऱ्यावर आलेलं असताना... आणि नेमका तेव्हाच तो समोरून मोटारसायकलवर आला.

नाचाचं कारण मुंग्या. सीटमागच्या क्रेटमधून त्या कधी निघाल्या, कळलंच नाही. कळलं तेव्हा एक रांग ओढणीवर होती आणि पुढच्या दोघी-चौघी मानेवर. मी टेम्पो कडेला घातला, खाली उडी मारली आणि ओढणी झटकत, पाय आपटत गोल गोल फिरायला लागले.

त्याने गाडी स्टँडला लावली.

"काय झालं? साप आहे का?"

"मुंग्या!"

"लाल का काळ्या?"

"आता त्यांचा रंग बघत बसू?"

तो हसला नाही. म्हणजे हसला, पण तोंड फिरवून. मग बांधावरून निर्गुडीचा एक फाटा तोडून आणला आणि माझी सीट, स्टेअरिंग, मागचे क्रेट असं सगळं शांतपणे झाडायला लागला. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. मी क्रेटमधली एक पांढरी बाटली उचलली, झाकण काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"बघा! साखर! शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत साखर कोण घालतं?"

"कोण?" त्याने विचारलं.

मी बाटली उलटी केली. बुडाला मार्करने लिहिलं होतं, सात. वही काढली. "सात नंबर... मुक्ताबाई. कोण आहे ही बाई? देवळापाशी सगळ्यांना जमवून घसा कोरडा केलाय मी, बाटली रिकामी द्या, कोरडी द्या. टेम्पोवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय!"

तो दोन पावलं मागे सरकला आणि माझ्या टेम्पोची पाटी मन लावून वाचली. "कृपया बाटली रिकामी द्यावी... अक्षर छान आहे."

"अक्षराचं राहू द्या. मला त्या मुक्ताबाईंचं घर दाखवा. मला भांडायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. राग आहे तोवर."

"मग चला," तो म्हणाला. "मीपण तिकडंच चाललोय. पण जपून हां. बाई लय खमकी आहे."

तो पुढे आणि मी मागे निघालो. त्याच्या पाठीवरच्या निळ्या शर्टाला निर्गुडीचं एक पान चिकटलं होतं. ते पडतंय का, हे बघत मी गावापर्यंत गाडी चालवली. का, ते विचारू नका.

मी अपेक्षा. लोणावळ्याला भांगरवाडीत राहते. चार वर्षं एका साबणाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. शाम्पूचा घट्टपणा, फेस, वास तपासायचा आणि सही करायची. माझी सही झाली की माल पुड्यांत भरला जायचा, बोटभर लांबीच्या त्या पुड्यांत. मग एका पावसाळ्यात घरामागच्या ओढ्यात मला त्याच पुड्या भेटल्या. दगडांना चिकटलेल्या, मुळांत अडकलेल्या. बॅच नंबरसुद्धा ओळखीचा निघाला. मी सही केलेला माल माझ्याच दारात परत आला होता. त्यानंतर सही करताना हात जड व्हायला लागला.

नोकरी सोडली. जुना टेम्पो घेतला. त्यात पाच पिंपं बसवली. शाम्पू, हात धुण्याचं, भांड्यांचं, कपड्यांचं, फरशीचं. लोणावळ्यात लोक आपापल्या बाटल्या आणून भरून न्यायचे. पण खरी परीक्षा वडिवळ्यात होती. तिथे धरणाकाठी अकरा घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या आणि दर शनिवार-रविवारी तिथे पुड्यांचा आणि इवल्याइवल्या बाटल्यांचा ढीग पडायचा. अकरा घरं दिवाळीपर्यंत माझ्या पंपाच्या बाटल्या वापरून बघायला तयार झाली. दर गुरुवारी भरलेल्या द्यायच्या, रिकाम्या न्यायच्या. जमलं तर कायम. नाही जमलं, तर जुन्या कंपनीने वापीच्या कारखान्यात जागा धरून ठेवली होती. तीही दिवाळीपर्यंतच.

माझे बाबा, महिपती, जन्मभर रेल्वेत होते. ते म्हणाले, "गाडी वेळेवर सुटते, अपेक्षा. दिवाळीपर्यंत तुझा टेम्पो चालला तर आनंद. नाहीतर वापीची गाडी चुकवू नकोस."

पहिल्या आठवड्याची ने-आण देवळापाशीच झाली होती, त्यामुळे कुणाचं घर कोणतं हे अजून माहीत नव्हतं. तर अशी मी, पहिल्याच वेळी गोळा केलेल्या रिकाम्या बाटल्यांत मुंग्या घेऊन, भांडायला निघाले होते.

कौलारू घर होतं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, बाजूला पाहुण्यांच्या चार खोल्या. पडवीत एक बाई सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. तो मोटारसायकल लावून म्हणाला, "आये, तुला भेटायला आल्यात."

आये?

मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तुम्ही... तुम्ही त्यांचे..." माझी जीभ अडखळली.

"मुलगा. सार्थक."

"मग रस्त्यात का नाही सांगितलंत?"

"तुम्ही छान बोलत होता. मधे कशाला तोडायचं?"

मुक्ताबाईंनी सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातली बाटली बघितली आणि एवढ्या आनंदाने हसल्या, की माझं अर्धं भांडण तिथेच वितळलं.

"साखर मिळाली व्हय गं? मला वाटलं, पोरीच्या ध्यानात येतंय का न्हाई."

"मावशी, बाटली रिकामी द्यायची असते."

"रिकामी कशी दिऊ? तू भरून आनून दिली, आन मी रिकामी परत करू? आमच्यात कुनाचं भांडं रिकामं जात न्हाई."

"पण त्यात मला शाम्पू भरायचाय!"

"भर की. चिमूटभर साखरंनं काय हुतंय?"

माझी आईसुद्धा शेजारचा डबा कधी रिकामा परत करत नाही. निदान चार शेंगदाणे तरी घालतेच. कारखान्यात सगळं शिकले होते, पण रिकामी बाटली परत देताना एखाद्या बाईला अवघड वाटेल, हे काही कुणी शिकवलं नव्हतं. मी पायरीवर बसले. चहा आला. मग तांदळाची भाकरी आली, तिच्यावर लोणी. भांडण राहूनच गेलं.

तोडगा त्याने काढला. "आये, बाटलीच्या आत नको. बाहेर दे की. फडक्यात बांधून."

"चालंल," मुक्ताबाई म्हणाल्या. "पर द्यायचं म्हंजे द्यायचं."

"चालेल," मीही म्हणाले. "पण आत काही नको म्हणजे नको."

त्या दिवसापासून सात नंबरच्या क्रेटमध्ये, बाटल्यांच्या शेजारी, जुन्या नऊवारीच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी असायचं. मूठभर इंद्रायणी तांदूळ, हिरव्या मिरच्या, एकदा दोन अंडी... ती घाटात फुटू नयेत म्हणून मी पार लोणावळ्यापर्यंत मांडीवर घेऊन आले. उरलेल्या दहा घरांच्या बाटल्या मी उजेडाकडे धरून, तोंडातून आत वाकून तपासायची. सातच्याही तपासायची. निदान सुरुवातीला.

आणि लेबलांचं सांगायचं राहिलं.

प्रत्येक बाटलीवर मी हाताने नाव लिहायची. शाम्पू, हात धुण्याचं, असं. तिसऱ्या गुरुवारी सार्थकच्या बाटलीवर लिहिताना मला काय सुचलं कोण जाणे, मी लिहिलं, "शाम्पू. डोक्यासाठी. ज्यांना आहे त्यांनी वापरावा."

पुढच्या गुरुवारी बाटली परत आली. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात, "डोकं होतं. हल्ली गुरुवारी चालत नाही."

मी टेम्पोत एकटीच हसले. मग आरशात बघून ओढणी नीट केली.

पुढच्या वेळी हात धुण्याच्या बाटलीवर मी लिहिलं, "घरमालकांनीही वापरून बघावं." उत्तर आलं, "घरमालक चिखलात काम करतो. गुरुवारी हात दाखवायला तयार आहे." फरशीच्या बाटलीवर मी लिहिलं, "जपून. पाय घसरतो." त्याचं उत्तर वाचून मी टेम्पो कडेला घेतला आणि पुन्हा वाचलं.

"उशीर झाला. घसरला."

तोंडावर मात्र तो यातलं काही बोलायचा नाही. क्रेट उचलून द्यायचा, भरलेले उतरवून घ्यायचा. "भात कसं आहे?" मी विचारायची. "फुलोरा सरला," तो म्हणायचा, किंवा "दाणा भरतोय." हॉटेलात काम करायला पुण्याला गेला होता, दोन वर्षं राहिला आणि परत आला. का परत आलास विचारलं, तर म्हणाला, "तिथं खिडकी उघडली की दुसरी खिडकी दिसायची."

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी तो म्हणाला, "जरा मागं येता? एक गोष्ट दाखवायचीय."

घरामागे एक खड्डा होता. कडेची माती जळून काळी पडलेली. "पाहुणे गेले की सोमवारी मी हा पेटवायचो. पुड्या, छोट्या बाटल्या, सगळं. तो वास... आणि धूर सरळ भातावर जाऊन बसायचा. आये आतून ओरडायची, दारं लाव. महिना झाला, काडी लावलेली नाही. लावण्याएवढं साठतच नाही."

खड्ड्यात वेफर्सची चार-दोन पाकिटं होती आणि भोपळ्याचा एक वेल. वेल आपोआप उगवला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि ओढणीने डोळे टिपले. कारखान्यात चार वर्षांत इतकं बरं मला एकदाही वाटलं नव्हतं.

"तुम्ही रडताय का?"

"नाही. धूर..."

"धूर नाहीये आता."

"माहितीये," मी म्हणाले आणि दोघं हसलो. हसताना त्याने माझ्या खांद्यावर बसलेला एक नाकतोडा बोटाने उडवला. नाकतोडा गेला. बोट मात्र क्षणभर तिथेच राहिलं.

"दिवाळीनंतर अकरा घरं कायम झाली तर बरं," मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "नाहीतर मला वापीला जावं लागेल."

"वापीला?" त्याने हात मागे घेतला. "लांब आहे."

"लांब आहे."

"तिथं धरण आहे?"

"नसावं."

"मग तू बघशील काय?" तो म्हणाला. तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

त्या दिवसापासून मी सात नंबरच्या बाटल्या तपासणं सोडून दिलं. ठरवून नाही. त्याच्या घरची बाटली हातात आली की मी लेबल वाचायची आणि तशीच भरायला घ्यायची.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी मी गेले, तर तो अंगणात उभाच होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. बाहेर कापणी चालू झालेली आणि याचा इस्त्रीचा शर्ट!

"आलीस?" तो म्हणाला.

"आले की. गुरुवार आहे."

"मग... काही बोलायचंय का तुला?"

मी विचार केला. "हो. मागच्या आठवड्यात फरशीचं फार लागलं का? बाटली पार तळाला गेली होती."

त्याचा चेहरा इतका उतरला, की मला वाटलं, फरशीचं त्याला फार मनाला लागलं. तो "हं" म्हणाला, क्रेट उतरवून घेतला आणि कापणीला निघून गेला. बाटल्यांवर त्या दिवशी काहीच लिहिलेलं नव्हतं. परत जाताना मी स्वतःशीच भांडले. एखाद्याचं वापीला जाणं कुणाला महत्त्वाचं वाटावं, अशी काही सक्ती आहे का? नाही. मग गप्प बस.

त्याच दिवशी शेवटच्या घरी सुहासदादांनी, म्हणजे धरणाला लागून तंबू टाकलेल्या, अकरा घरांच्या पुढाऱ्याने, एक शाम्पूची बाटली जास्त मागितली. त्यांच्याकडे पाहुण्यांचा मोठा जथा येणार होता. मी टेम्पोत हात घातला. सातची एक भरलेली बाटली चुकून उतरवायची राहिली होती, ती दिली.

रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात बैठक होती. दिवाळी चार दिवसांवर. कायम करायचं का नाही, तेच ठरवायचं होतं. अकरा घरची माणसं बसली होती, मुक्ताबाई पुढे, सार्थक मागे खांबाला टेकून. मी नवी साडी नेसून गेले होते.

सुहासदादा उठले. हातात ती बाटली.

"काल तंबूतल्या पाव्हण्या बाईनं पंप दाबला. काय येईना. पुन्ना दाबला. न्हाईच. तिनं उघडून बघितलं, तर आत ह्ये." त्यांनी दोन बोटांत एक चपटी, चकचकीत वस्तू धरली. "आज ह्ये निघालं. उद्या पाल निघंल. मी काय म्हनतो, त्यापरीस पुडीच बरी. फाडली, वापरली, संपली."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी पुढे जाऊन बाटली उलटी केली. सात.

"संपली कुटं रं, सुहास?" शालूबाईंचा आवाज आला. त्यांच्या दोन खोल्या आणि चार गाई. "तुजी संपली. माज्या गाईच्या पोटातनं काडली डागदरनं तवा तू हुतास की हितं. इसारलास व्हय?"

"ते खरं, शालूमावशी. पर गिऱ्हाइकाला काय सांगू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारखान्यात असते तर चौकशी समिती नेमली असती आणि दोष मशीनवर ढकलला असता. इथे मशीन मीच होते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "प्रत्येक बाटली भरण्याआधी मी आत बघते. ही बघितली नाही."

"का न्हाई बघितली?"

"कारण..." मी थांबले. खोटं सुचत होतं, पण बोलवेना. "कारण सात नंबरच्या घरातून वाईट काही येणार नाही, असं मला वाटायला लागलं होतं."

मुक्ताबाईंनी मान वळवून मागे बघितलं.

सुहासदादांनी ती चकचकीत वस्तू उलगडली. शाम्पूची जुनी पुडी होती, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलेली. आतून घडी घातलेला कागद निघाला. "कायतरी लिवलंय..." ते वाचायला लागले, "अपेक्षा..." आणि एकदम थांबले. माझ्याकडे बघितलं. कागद घाईने मिटला.

"वाच की!" मागून बायका.

"ह्ये वाचायचं नसतंय," सुहासदादा कानापर्यंत लाल.

"मी वाचतो," सार्थक म्हणाला. "माझं आहे."

तो खांबापासून पुढे आला. कागद घेतला. भाताचे कापे पडलेल्या हातांनी तो नीट उलगडला. आवाज स्वच्छ होता.

"अपेक्षा, दिवाळीनंतरही गुरुवारी ये. वापीला जाऊ नको म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतोय. मला तू आवडतेस. ज्या दिवशी रस्त्यात नाचत होतीस त्या दिवसापासून. सार्थक." तो थांबला. मग खाली बघत पुढचं वाचलं. "ता. क. आयेला सांगू नको. मीच सांगेन."

अख्खा मंडप हसला. मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या का आणखी काही, ते दिसत नव्हतं.

"फडक्यात ठेवलं असतं तर आयेनं उघडलं असतं," तो सगळ्यांना सांगायला लागला. "आणि ही प्रत्येक बाटलीत वाकून बघते, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून आत टाकलं. मला वाटलं, तिला मिळालं. मी आठवडाभर उत्तराची वाट बघत होतो. चूक तिची नाही, दादा. तिच्या कामाला शिक्षा करू नका. माझं घर पाहिजे तर काढा अकरांतून."

इस्त्रीचा शर्ट. काही बोलायचंय का. आणि मी त्याला विचारलं होतं, फरशीचं फार लागलं का! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काहीतरी गोड, काहीतरी शहाण्यासारखं बोलायला हवं होतं. पण माझं तोंड माझं कधी ऐकतं?

"प्लास्टिकमध्ये?" मी म्हणाले. "शाम्पूच्या पुडीत घातलंस?"

"भिजू नये म्हणून..."

"अरे, पण पुडीत!"

यावर जो हशा झाला, त्यात सुहासदादाही सामील झाले. हशा ओसरल्यावर ते म्हणाले, "त्या पाव्हण्या बाईंचं सांगायचंच राहिलं. त्या काय रागावल्या न्हाईत. जाताना मला इचारत हुत्या, पुडं काय झालं ते फोन करून कळवा."

ठरलं ते असं. अकरा घरं कायम. अट एकच, रिकामी बाटली झाली की पंप काढायचा, पाण्याने विसळायची आणि उलटी लटकवायची. उलट्या बाटलीत ना साखर राहते, ना चिठ्ठी. बाटल्या टांगायला अकरा घरांसाठी बांबूच्या घोड्या करून द्यायच्या, त्या सार्थकने, दंड म्हणून. सार्थकने मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. आणि मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण बायका माझ्याभोवती जमल्या होत्या आणि मंडपात सगळ्यांच्या समोर मला ते द्यायचंच नव्हतं.

घरी आले. बाबा पायरीवर बसले होते. "काय झालं?"

"कायम झालं."

"मग रडतेस कशाला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कागदाचंही. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वापीला कळवून टाक," ते म्हणाले. "आणि मुलाला ताटकळत ठेवू नकोस. सिग्नल मिळाल्यावर गाडी उभी करत नाहीत."

दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी वडिवळ्याला गेले. भाताच्या पेंढ्या अंगणात रचलेल्या, हवेत त्यांचा ऊन ऊन वास. पडवीला नवी बांबूची घोडी उभी होती आणि तिच्यावर सात नंबरच्या बाटल्या उलट्या लटकलेल्या, अगदी नियमाप्रमाणे. सार्थकने त्या काढून क्रेटमध्ये ठेवल्या.

फडकं नव्हतं. लेबलावर काही लिहिलेलं नव्हतं. मी एकेक बाटली उचलून आत बघितली. स्वच्छ, कोरडी, रिकामी. दोन महिने ज्याच्यासाठी मी ओरडत होते, ते अगदी तसं मिळालं होतं आणि मला रडू यायला लागलं होतं.

"नियमाप्रमाणे आहे ना?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. मावशींचं फडकं कुठाय?"

"आये म्हणाली, आधी पोरीचं उत्तर येऊ दे. तोवर द्यायचं कोणत्या नात्यानं?"

दाराआड बांगड्या वाजल्या. म्हणजे मावशी तिथेच होत्या.

मी टेम्पोतून भरलेले क्रेट उतरवले. मग सीटखालून एक वेगळी बाटली काढली. काचेची, आमच्या स्वयंपाकघरातली. सकाळपासून ती मी तीनदा काढून तीनदा परत ठेवली होती. तिच्यावर लेबल लावलं होतं, पण लिहायला काहीच सुचलं नव्हतं. कोरंच राहिलं होतं.

"हे काय? रिकामी आहे?" तो म्हणाला.

"उजेडाकडे धर. मी धरते तशी."

त्याने बाटली वर धरली. ऊन तिच्यातून आरपार आलं. तळाला चिमूटभर साखर होती.

तो बघतच राहिला. "याला... मुंग्या लागतील."

"लागू देत. त्यांनीच तर सुरुवात केली."

"म्हणजे तू..."

"म्हणजे मी गुरुवारी येईन," मी म्हणाले. "गुरुवार नसला तरी येईन. वापीला नाही म्हणून कळवलंय. आणि मलाही तू आवडतोस, सार्थक. त्या दिवशी तुझ्या पाठीला निर्गुडीचं पान चिकटलं होतं, तेव्हापासून."

"पान? आणि सांगितलं नाहीस?"

"तू छान चालला होतास. मधे कशाला तोडायचं?"

तो हसला. या वेळी तोंड न फिरवता. त्याचा हात बाटलीवरून माझ्या बोटांवर आला आणि तिथेच राहिला, नाकतोडा वगैरे काही नसताना.

दार पूर्ण उघडलं. मुक्ताबाई पुढे आल्या, त्याच्या हातातून बाटली घेतली, साखर तळहातावर ओतली. अर्धी त्याच्या तोंडात घातली, अर्धी माझ्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "गोड लागली गं पोरी. पर साखर आशी बाटलीत देत न्हाईत. पुडा करून देत्यात. दोनी घरची मान्सं बसवून, समद्यांच्या समोर. बाबास्नी सांग तुज्या, आमी यतुया."

मला लाजायला हवं होतं. लाजलेही. पण तोंडातली साखर विरघळते न विरघळते तोच मी बोलून गेले.

"मावशी, पुडा कागदाचा हं. प्लास्टिकचा चालणार नाही."